बाप्तिस्म्याचं पाणी, लातूरपर्यंत

जळकोटच्या महानंदाबाईंचं नाव मी सगळ्यात आधी लिहिते. नंतर लिहीन म्हटलं तर बाकीच्या गोष्टींत राहून जाईल. त्या नसत्या तर या प्रवासात सांगण्यासारखं काही झालं नसतं, लपवण्यासारखं मात्र झालं असतं. त्या लिंगायत आहेत, किराणा दुकान चालवतात, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग घालतात. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला अंगाचा साबण दिला होता आणि मी दुकानात उभी राहून रडत होते.

मी वसईची, कॅथलिक. नाव फिलोमिना. सहावीत शाळा सोडली, कारण वाडीतली केळी बाजारात न्यायला घरात माणूस कमी होतं. त्यामुळे लिहिताना काही चुकलं तर समजून घ्या. आमच्या आळीतल्या बायका विचारतात, मराठवाड्यात काय काय पाहिलंस? पाहण्यासारखं पुष्कळ आहे. मी बहुतेक वेळ एका बाटलीकडे पाहत होते.

माझी मुलगी रिटा नांदेडला नर्स आहे. तिने तिथल्याच प्रकाशशी लग्न केलं. प्रकाश प्रोटेस्टंट, आणि त्याचे वडील याकोबराव हे जळकोटचे निवृत्त पाळक, म्हणजे आपल्याकडे फादर तसे, फक्त लग्न केलेले. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, छोटी आणि स्वतंत्र. ते बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणूस मोठा झाला, त्याने स्वतः विश्वास ठेवला, की मग त्याला तळ्यात पूर्ण बुडवून काढतात. तोवर बाळाला नुसतं देवाला अर्पण करतात. आपल्याकडे पहिल्या महिन्यातच बाळाच्या डोक्यावर पाणी पडतं आणि मग आजी सुखाने झोपते. माझा नातू शमुवेल पाच महिन्यांचा झाला होता आणि त्याच्या डोक्यावर अंघोळीशिवाय पाणी पडलेलं नव्हतं, अशी माझी माहिती होती.

त्यात त्याला हर्निया निघाला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, लहान ऑपरेशन आहे. बाळ लहान, त्याचं ऑपरेशन लहानच असणार. भूल मात्र द्यायची होती.

मला एवढी काळजी का, ते सांगते. माझ्या पाठचा भाऊ जन्मला आणि पाणी घालायच्या आधीच गेला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आई सगळ्यांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायची आणि शेवटची एक घेऊन कुंपणाबाहेर जायची. तिथे वारा लागायचा. मेणबत्ती विझायची, आई परत लावायची. आता आमचे फादर सांगतात की अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवावीत, देव काही आपल्यापेक्षा कठोर नाही. हे आईला कुणीतरी सांगायला हवं होतं. मला सांगितलं तोपर्यंत मला ते कुंपण पाठ झालं होतं.

निघण्याआधी मी फादरना विचारलं. ते म्हणाले, "मरणाचा धोका असेल तर कुणीही पाणी घालू शकतं. हर्निया म्हणजे मरणाचा धोका नव्हे. आईबापांना न विचारता काही करू नका, फिलोमिना." मी हो म्हटलं. बाहेर पडताना चर्चच्या दारातलं आशीर्वादित पाणी भरून घेतलं. मरियामाउलीच्या आकाराची निळ्या टोपणाची बाटली घरात होती, पण ती कुणीही ओळखली असती. म्हणून साध्या पाण्याच्या छोट्या बाटलीत भरलं. त्या वेळी मला वाटलं, मी फार हुशारी केली.

नांदेड

गाडीत निम्मे सरदारजी यात्रेकरू होते. नांदेडला उतरताना त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी पिशवी खाली घेऊन दिली. मी ती त्यांच्या हातातून अशी ओढली की त्यांना वाटलं असेल, आत सोनं आहे. आभार मानायचे राहिले. ते इथे मानते.

स्टेशनवर रिटा आली होती. तिने पिशवी उचलून पाहिली.

"मम्मी, एवढं जड काय आहे?"

"सुकेळी."

"आणि?"

"पाणी. प्रवासाचं."

"दे, ओतून टाकते. घरी थंड आहे."

"राहू दे. मला आपल्याकडचंच पाणी सोसतं."

नाडी मोजताना पाहावं तसं रिटाने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी खांद्याला लावली. नर्स झाल्यापासून तिला ती सवय लागली आहे.

शमुवेल जागा होता. मला येताना उशीर झाला, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. गोरा नाही, काळा नाही, केस भरपूर. रडला की जांघेत गाठ फुगायची आणि सगळ्यांचा जीव वरखाली व्हायचा, म्हणून त्याला रडू द्यायचं नाही असा घरात नियम होता. त्यामुळे सगळे त्याच्यासमोर सारखे हसत असायचे. प्रकाश तसा घुमा माणूस, तोही केळीच्या गाड्या भरून दमून आला की दारातूनच हसत आत यायचा. मीही हसले. हसत हसत मनात हिशेब लावत होते की रिटा अंघोळीला गेली की किती वेळ मिळतो. फार मिळत नव्हता. ती तांब्याभर पाण्यात उरकायची, नांदेडला उन्हाळा होता.

अर्धापूर

प्रकाश अर्धापूरला केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला आहे. "मम्मी केळीवाल्या हायत, त्यांना बागा दाखवतो," असं म्हणून तो मला घेऊन गेला. माझ्याशी तो बोलला त्यातलं हे सगळ्यात लांब वाक्य.

आपल्या वाडीत केळ म्हणजे नारळाच्या सावलीत, विहिरीच्या पन्हळीला, जिथे जागा असेल तिथे. इथे नजर पोचेल तिथपर्यंत केळच. सगळी झाडं एका उंचीची, एका रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. बागायतदार पंचा डोक्याला गुंडाळून बांधावर बसला होता.

"ही बाटलीतली रोपं हायत, मावशी," तो म्हणाला. "प्रयोगशाळेतून येतेत. सगळी एका मापाची. कवा निसवून केळफूल येणार, कवा घड उतरायचा, लावतानाच सांगता येतंय."

"म्हणजे सगळं आधीच ठरलेलं?"

"हाव. वारं सोडून."

त्याने बोट दाखवलं तिकडे एक आख्खा पट्टा आडवा पडला होता. घडांसकट. मी उगाच विचारलं असं मला वाटलं.

मी त्याला सुकेळी दिली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, मग पानात बांधतात, हे सगळं सांगितलं. त्याने एक खाल्लं, विचार केला, आणि म्हणाला, "ग्वाड हाय. पण एवढं लांबण कशापायी लावायचं? पिकलं की खाऊन टाकायचं." मग आणखी दोन घेतली, आणि आमच्या गाडीत एवढी केळी ठेवली की जळकोटपर्यंत माझे पाय सीटवर होते.

जळकोट

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी जळकोटला शमुवेलचं अर्पण ठरलं होतं, म्हणून आम्ही सगळे दोन दिवस आधीच तिथे गेलो. अर्पणाच्या दुसऱ्या दिवशी लातूर.

याकोबराव उंच, वाळलेले, पांढऱ्या सदऱ्यातले. बायको गेल्यापासून एकटे राहतात आणि स्वतः रांधतात. मी समुद्रकाठची म्हणून त्यांनी कुठून तरी तलावातला मासा आणून ठेवला होता. मासा कमी आणि काटे जास्त. मी संपवला, कारण ते समोर बसून पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून मी आपण होऊन भाकरी आणि अंबाडीच्या भाजीवर आले आणि दोघांनाही बरं वाटलं. ज्वारीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, तिच्यात तेलाची धार. वसईला येऊन मी ती करून पाहिली. तशी होत नाही.

जळकोटला उन्हाळ्यात नळाची वाट पाहतात, टँकरचीही पाहतात. अंगणात ड्रम भरून ठेवलेले. भाजी धुतलेलं पाणी शेवग्याला जातं. याकोबरावांची शिस्त अशी की कुणाच्या तांब्यात, पेल्यात, बाटलीत घोटभर पाणी उरलेलं दिसलं की ते स्वतः पिऊन टाकायचे. पाणी शिळं झालं की लोक ओततात, आणि ओतलेलं पाणी त्यांना बघवत नाही. हे पाहिल्यावर मी माझी बाटली साड्यांच्या खाली ठेवली.

जेवताना मी विषय काढला. नुसता काढून पाहिला.

"ईनबाई," याकोबराव म्हणाले, "देवानं डोंगर मांडायच्या आधी माणसं निवडून ठेवलीत. निवडलेलं लेकरू पाण्याबिगर हुकत न्हाई, अन् न निवडलेलं पाण्यानं सुटत न्हाई. तारण त्याच्या हातात हाय. आपल्या तांब्यात न्हाई."

"मग तुम्ही एवढी वर्षं उपदेश कुणाला केलात?"

"निवडलेल्यांना."

"ते तर निवडलेलेच होते."

"हाव. पण त्यांना ठाऊक नव्हतं."

"आणि बाकीचे?"

"ते झोपायचे."

रिटा खाली मान घालून जेवत होती. प्रकाश बाळाकडे बघून हसत होता.

मी सांगितलं की आमच्यात नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेना करतात, मेणबत्त्या लावतात, संतांच्या मागे लागतात, मेलेल्यांसाठीसुद्धा मिस्सा म्हणवून घेतात. देवाने ऐकेपर्यंत आम्ही मागत राहतो.

"म्हणजे तहसीलदाराकडं चकरा मारल्यागत," ते म्हणाले. "त्याचा निर्णय असा फिरत नसतो."

"चकरा मारून तहसीलदाराकडची कामं होतात, व्याही."

त्यांनी घास चावला. "ते बी हाय म्हणा."

रविवारी उपासना झाली. पत्र्याची खोली, खाली सतरंज्या, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, चपला बाहेर. आपल्यासारखे बाक नाहीत, मूर्ती नाहीत, मेणबत्ती एकही नाही. ढोलकी होती आणि गाणी जोरात होती, ती मला आवडली. मग याकोबरावांनी शमुवेलला दोन्ही हातांवर घेतलं आणि वर उचललं. ते म्हणाले, हे प्रभू, हे लेकरू तुझं हाय, आमचं न्हाई. तुझी इच्छा होवो. ठेवायचं तर ठेव, न्यायचं तर ने.

मंडळी आमेन म्हणाली. मी म्हटलं नाही. उद्या ज्या बाळाला भूल द्यायची आहे त्याच्याविषयी देवाला 'ने' कोण म्हणतं? देवाला असे दोन पर्याय ठेवायचेच नाहीत, एकच ठेवायचा. हे मी सहावी शिकलेली, मला कळतं.

दुपारी रिटा झोपली. बाप-लेक मंडळीच्या लोकांना पोचवायला गेले. मी बाळाला खांद्यावर घेतलं, पिशवीतून बाटली काढून पदराखाली धरली आणि साबण आणायला म्हणून शेजारच्या दुकानात गेले. साबण घरात होता. मला फक्त त्या घरातून बाहेर पडायचं होतं.

दुकानात महानंदाबाई होत्या. माझ्याच वयाच्या, कपाळाला विभूती.

"काय झालं वो अक्का? रडत रडत साबण घ्यायलाव?"

कुणी अक्का म्हटलं की मला राहवत नाही. मी सगळं सांगितलं. कुंपणाबाहेरची मेणबत्तीसुद्धा सांगितली, जी मी नवऱ्यालाही कधी नीट सांगितलेली नव्हती. त्यांनी मधे एका गिऱ्हाइकाला पावशेर साखर दिली आणि परत ऐकायला लागल्या.

"पाळकसाहेब भला माणूस हाय," त्या म्हणाल्या. "पण लेकरू मोठं झाल्यावर इचारायचं, हे माझ्या बी डोक्यात शिरत न्हाई. आमच्यात लेकरू झालं की अय्या येतेत, जंगम, आमचे गुरू. लिंग बांधतेत. लेकराला काय कळायलंय? आपल्याला कळतंय की. देवाचं लेकरू देवाच्या गळ्यात घातलं की आपण मोकळं."

"तेच!" मी म्हटलं. सबंध मराठवाड्यात मला पहिल्यांदा कुणीतरी कॅथलिक भेटलं असं वाटलं.

"मग घाल की पाणी. हितंच घाल. ये आत. मी दार धरते."

त्यांनी दुकानाचं फळकूट अर्धं लावलं आणि मला मागच्या स्वयंपाकघरात नेलं. पाट टाकला. मी बसले, शमुवेलला मांडीवर आडवं घेतलं, बाटलीचं टोपण काढलं. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला हे बाहुलीवर शिकवलं होतं: तीनदा पाणी घालायचं, शब्द म्हणायचे. शब्द पाठ होते. बाळ माझ्याकडे बघून हसत होतं, कारण त्याला सगळ्यांनी तीच सवय लावली होती. महानंदाबाई दारात पाठ करून उभ्या होत्या.

तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, "अन् लेकराची आई कुठं हाय?"

"झोपली आहे."

"तिला ठावं हाय न्हवं?"

मी बाळाचं झबलं सारखं केलं.

त्या वळल्या. रागावल्या वगैरे नाहीत. येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसल्या.

"अक्का, आमच्या घरात आईच्या मांडीबिगर लिंग बांधत न्हाईत. माझ्या थोरल्याच्या वक्ताला मला ताप होता. सासू म्हणली, मी घेते मांडीवर. अय्या म्हणले, न्हाई, तिचा ताप उतरू द्या. दारात उभं राहून चहा पिऊन माघारी गेले. आजीची मांडी चांगलीच असती. पण ही ती न्हवं."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर आज इचार तिला. न्हाईतर उद्या सकाळी इचार. न्हाई म्हणली तर मग बघू. मी येते लातूरला. लागलं तर दोघी मिळून करू."

हे शेवटचं त्या गमतीने म्हणाल्या की काय, ते मला अजून कळलेलं नाही. मी टोपण लावलं. ते तिरकं बसलं, म्हणून त्यांनीच घट्ट केलं. मग साबणाचे पैसे घेतले.

रिटाला मी त्या दिवशी विचारलं नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजीला मीठ हवंय का एवढंच विचारलं.

लातूर

महानंदाबाई खरंच आल्या. दुकान बंद ठेवून, फडक्यात धपाटे बांधून, पहाटेच्या बसने. याकोबरावांना वाटलं, शेजारधर्म. होताच.

दवाखाना लहान, स्वच्छ, फिनाइलच्या वासाचा. बाळाला दूध द्यायचं नव्हतं, म्हणून ते रडत होतं, रडलं म्हणून गाठ फुगत होती, आणि आता हसून उपयोग नव्हता. आत नेण्याची वेळ जवळ आली. खोलीत रिटा आणि मी. बाप-लेक बाहेर होते आणि केव्हाही आत आले असते. मी महानंदाबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या, दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "पाळकसाहेब, ते नेमून ठेवलेलं म्हणजे काय असतंय, ते जरा सांगा की. इतकी वर्षं शेजारी हाव, कधी इचारलं न्हाई."

याकोबरावांना असं आपण होऊन कुणी विचारून किती काळ झाला होता कोण जाणे. ते सांगायला लागले. जग निर्माण व्हायच्या आधीपासून सुरुवात केली. म्हणजे मला वेळ होता.

"रिटा," मी म्हटलं आणि पिशवीतून बाटली काढली. "हे प्रवासाचं पाणी नाही."

"माहीत आहे मम्मी."

"चर्चमधलं आहे."

"तेही माहीत आहे. नांदेडच्या घरात तू ती बाटली उशीखाली घेऊन झोपत होतीस."

"तू हो म्हण. एक मिनिट लागेल. प्रकाशला नंतर सांगू. मी पाया पडते तुझ्या."

रिटाने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "मम्मी, बाप्तिस्मा दोनदा होतो का?"

"नाही. एकदाच. का?"

"मग झालाय."

मला वाटलं, ती अर्पणाबद्दल बोलते आहे. तसं नव्हतं. शमुवेल जन्मला तेव्हा उशिरा रडला, निळा पडला होता, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. एवढं फोनवर मलाही सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरत धरत तिथे गेली. तिचाच दवाखाना, कुणी अडवलं नाही. पेटीच्या भोकातून हात घातला आणि इंजेक्शनसाठी ठेवलेलं निर्जंतुक पाणी त्याच्या टाळूवर सोडलं. तीनदा. शब्द म्हटले. ज्या वर्गात मी शिकले त्याच वर्गात तीही शिकली होती, आणि त्या दिवशी धोका खरा होता.

"आणि मला पाच महिने सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर वसईत सगळ्यांना कळलं असतं. मग फोनवरून इथे कळलं असतं. मला आधी प्रकाशला सांगायचं होतं, आणि त्याला सांगायचा धीर होत नव्हता."

"मी दर रविवारी रडत होते रिटा."

"तू प्रार्थना करत होतीस. ती त्याला लागतच होती की."

दाराबाहेर याकोबराव सांगत होते की माणूस वाटेला लागायच्या आधी देव तिथे पोचलेला असतो. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मी गाडीत बसले, सरदारजींच्या हातातून पिशवी ओढली, साड्यांखाली बाटली लपवली, पाटावर बसले, त्या सगळ्याच्या आधीच ते काम झालेलं होतं. याकोबरावांना हे कळलं असतं तर त्यांनी त्यावर तासभर उपदेश केला असता.

मग नर्स आली आणि बाळाला घेऊन गेली. दार बंद झालं.

बाकावर मी एका टोकाला, याकोबराव दुसऱ्या टोकाला, मधे माझी पिशवी, तिच्यात परत टाकलेली बाटली. रिटा आणि प्रकाश आतल्या दाराशी उभे होते. महानंदाबाई धपाटे कुणी खातंय का विचारून थकल्या आणि फडकं परत बांधून बसल्या. मला आता काळजी करायचं कारण नव्हतं. बाप्तिस्मा झालेला होता, स्वर्गाचा प्रश्न मिटला होता. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मला तो स्वर्गात नकोच होता. मला तो इथे, रडका, जांघेत टाक्यांसकट हवा होता. एवढ्या दुरून मी पाणी आणलं ते एका गोष्टीसाठी आणि मागत होते दुसरीच.

याकोबराव सारखे उठून आतल्या दारापर्यंत जात होते आणि परत येऊन बसत होते. ओठ कोरडे पडले होते. आजूबाजूला पाहिलं, माझ्या पिशवीतून बाटलीचं टोपण दिसलं, त्यांनी बाटली काढली आणि मी तोंड उघडेपर्यंत तोंडाला लावली. घोट घोट करत सगळी संपवली. शेवटचा थेंबसुद्धा, त्यांच्या शिस्तीप्रमाणे.

"जरा खारं लागतंय," ते म्हणाले.

आशीर्वाद देताना आमचे फादर त्यात मीठ घालतात.

"आमच्याकडे समुद्र जवळ आहे," मी म्हटलं.

"असंल, असंल."

महानंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "व्याही, तुम्ही घाबरलात? सगळं ठरलेलं आहे ना?"

"ठरलेलं हाय," ते म्हणाले. रिकामी बाटली त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. "काय ठरलंय ते मला कुठं सांगितलंय?"

मी मधली पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे सरकले.

"ईनबाई, काल मी मंडळीसमोर 'ने' म्हणलो. ती आमची म्हणायची पद्धत हाय. कालपासून देवाला सांगायलोय, ते प्रवचन होतं, ते मनावर घेऊ नको. सारखं तेच सांगायलोय."

"म्हणजे चकरा मारताय."

"हाव," ते म्हणाले. "मारायलोय."

मग आम्ही दोघांनी मिळून मारल्या. मी रोझरीची माळ काढली. त्यांना मणी चालत नाहीत, पण त्यांनी तोंड फिरवलं नाही. तिच्यातली प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थना तेवढी ते माझ्याबरोबर म्हणाले, बाकीच्या वेळी नुसते डोळे मिटून बसले. महानंदाबाई गळ्यातली डबी मुठीत धरून बसल्या होत्या. त्या बाकावर त्या दिवशी देवाचं काही ठरायचं राहिलं असेल तर त्याच्यावर तिन्ही बाजूंनी मागणं पडलं असणार.

आतून रडण्याचा आवाज आला. मोठा, रागीट, भुकेचा. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळं ठीक आहे. याकोबरावांनी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "नेमलेलंच होतं." मग बाकाच्या मागे जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिले. धपाटे त्यानंतर संपले.

वसई

शमुवेल आता रांगतो. हे सगळं छापायला देण्याआधी मी रिटाला विचारलं. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी तिने प्रकाशला पेटीतल्या पाण्याचं सांगितलं होतं. प्रकाश म्हणाला, "निर्जंतुक होतं न्हवं?" आणि तो विषय त्याच्याकडून संपला.

याकोबरावांना मी फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. रिटाने घातलेल्या पाण्यापाशी त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "पडलं तर पडलं. मोठा झाला की त्याला इचारू. निवडलेला असंल तर तळ्यात बी येईल." मी म्हटलं, बाप्तिस्मा दोनदा होत नाही. ते म्हणाले, पहिला झालाच नाही. यावर आमचं दर रविवारी फोनवर चालू आहे. बाटलीतल्या पाण्याचं ऐकल्यावर आधी म्हणाले, "तरीच खारं लागलं." मग म्हणाले, "ते लिहू नका. मंडळी हसतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला. "लिहा. तसं बी मला त्या दिवशी त्याची गरज होती."

राहिल्या महानंदाबाई. त्यांची सून आता बाळंतपणाला उदगीरला माहेरी गेली आहे. बाळाला घेऊन ती जळकोटला आली की अय्या येतील आणि लिंग बांधतील. त्या दिवशी मी जाणार आहे. सुकेळी नेईन, ती वेगळी. बाळ आईच्या मांडीवर असेल, महानंदाबाई तिच्याजवळ बसतील आणि मी दारात उभी राहीन. फोनवर त्यांना तसं सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्यात दार धरायचं काय काम न्हाई वो अक्का. समदे आतच बसलेले असतेत. कुणापासून धरणार?"

कुणापासूनही नाही, मी म्हटलं. पण धरीन.